पदकानंतरची सत्तावीस वर्षे

यमुनापार राहणारा आणि मध्य दिल्लीत नोकरी करणारा माणूस आयुष्यातले कितीतरी तास आयटीओच्या पुलावर काढतो. मीही काढले आहेत. पूल ओलांडला की रिंग रोडच्या कडेला इंदिरा गांधी क्रीडासंकुल दिसते. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी ते बांधले गेले. शेजारीच खेळाडूंच्या निवासासाठी योजलेली एक इमारत होती. पुढे तिच्यात दिल्ली सरकारचे सचिवालय आले, तरी जुने लोक तिला ‘प्लेयर्स बिल्डिंग’च म्हणत राहिले. खेळाडूंच्या जागी फायली आल्या, इतकेच. याच संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी के. डी. जाधव यांचे नाव देण्यात आले.

फेब्रुवारी २०२० मधील एका शनिवारी मी या सभागृहात आशियाई कुस्ती स्पर्धा पाहावयास गेलो होतो. सोबत कार्यालयातील तीन-चार सहकारी होते. दारातील फलक वाचून एकाने विचारले, “ये के. डी. यादव कौन थे?” यादव नव्हे, जाधव, असे मी सांगितले. त्यावर दुसरा म्हणाला की कोणी जुने मंत्री असावेत. दिल्लीत वास्तूंना नावे बहुधा मंत्र्यांचीच असतात, तेव्हा त्याचे अनुमान अगदीच निराधार नव्हते. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला अशी संधी क्वचितच मिळते. मी तिथेच उभा राहून खाशाबा जाधवांची कहाणी सांगू लागलो. गोळेश्वर, कऱ्हाड, कोल्हापूर, हेलसिंकी, बैलगाड्यांची मिरवणूक, सारे काही. माझे बोलणे संपल्यावर आमच्याबरोबर आलेले एक निवृत्त गृहस्थ हळूच म्हणाले, “साहब, वज़न तो आपने बताया ही नहीं. सत्तावन किलो. आज का फ़ाइनल भी उसी वज़न का है.”

त्या दिवशी सत्तावन किलो गटात रवी दहिया याने सुवर्णपदक जिंकले. पुढे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याला त्याच गटात रौप्यपदक मिळाले आणि २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतला त्याच गटात कांस्य. सत्तावन किलो वजनाच्या भारतीय मल्लांची ही ऑलिंपिक पदकांची ओळ जेथून सुरू होते, त्या माणसाचे नाव आम्ही बसलो होतो त्या सभागृहाच्या दारावर होते. आणि हे आमच्यापैकी एकालाच सुचले होते. हे गृहस्थ कोण, ते पुढे सांगतो. आधी खाशाबांविषयी.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील स्वतः मल्ल होते. खाशाबांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. ते जितके तालमीतले तितकेच महाविद्यालयातलेही खेळाडू होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला मॅट नवी होती, आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तरीही सहावा क्रमांक मिळाला. पुढच्या चार वर्षांत त्यांनी वरच्या गटाची, म्हणजे बँटमवेटची, तयारी केली.

१९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. मुंबई राज्याच्या सरकारकडे केलेली विनंती फळाला आली नाही. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. त्या काळच्या प्राचार्याला सात हजार रुपये ही केवढी रक्कम होती, हे निराळे सांगावयास नको. हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिको येथील मल्लांना हरवले. पुढे सोव्हिएत संघाचा मम्मदबेयोव्ह आणि जपानचा इशी यांच्याकडून ते हरले. दोन लढतींमध्ये नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि तक्रार करावयास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. तरीही त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले. खाशाबांबरोबर कोल्हापूरचेच केशव माणगावे हेलसिंकीला गेले होते. फेदरवेट गटात ते चौथे आले. चौथ्याचे नाव कोणत्याही सभागृहाला दिले जात नाही.

परतल्यावर कऱ्हाडपासून गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे चित्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मिरवणुकीनंतरचे चित्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर गहाणातून सोडवले. देशाला पहिले पदक मिळवून देणाऱ्या माणसाने घरी आल्यावर प्रथम हे कर्ज फेडण्याचे काम केले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले असे बहुतेक वृत्तांतांत नमूद आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी दिल्लीत मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

वाचकहो, वरचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. हेलसिंकीतील लढतींविषयी आपल्याला प्रतिस्पर्ध्याचे नाव, देश आणि निकाल यांसह माहिती आहे. नोकरीच्या सत्तावीस वर्षांविषयी मात्र ‘अमुक पदावर रुजू, तमुक पदावरून निवृत्त’ एवढे एकच वाक्य उरते. पोलीस दलाच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, क्रीडाशिक्षक म्हणूनही काम केले, एवढी आणखी भर घालता येते. पण उपनिरीक्षक जाधव सकाळी किती वाजता ठाण्यावर जात, कोणते गुन्हे तपासत, वरिष्ठांनी त्यांच्याविषयी काय लिहून ठेवले? हे सारे कोठेतरी एका सेवापुस्तकात लिहिले गेले असणार. सरकारी नोकराचे सेवापुस्तक मी अनेकदा हाताळले आहे. त्यात वेतनवाढी असतात, रजा असतात, बदल्या असतात. माणूस बहुधा नसतो.

खाशाबांची उपेक्षा झाली, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेच आहे. प्रशासनात इतकी वर्षे घालवल्यावर मला त्या उपेक्षेची यंत्रणाही दिसू लागली आहे. तिच्यात दुष्टावा फारसा नसतो, तारखा असतात. पद्म पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, हेलसिंकीनंतर दोन वर्षांनी. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये, नऊ वर्षांनी. गुणवान खेळाडूंना केंद्र सरकारच्या नोकरीत घेण्याची योजना १९८० च्या ऑगस्टमधील आदेशाने आकाराला आली, तेव्हा खाशाबा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. गुणवान खेळाडूंसाठी निवृत्तिवेतनाचा निधी १९९४ मध्ये आला, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. शासनाचे नियम सहसा पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाहीत. त्यामुळे जो सर्वांत आधी पोहोचतो त्याच्यासाठी कोणतीच योजना तयार नसते. त्याच्याकडे पाहून ती पुढे इतरांसाठी आखली जाते. हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. मरणोत्तर तो सहसा दिला जात नाही. फारच योग्य प्रकरण असेल तर देता येतो, पण मार्गदर्शक तत्त्वांनुसार मृत्यू त्या प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या साधारण वर्षभरातील असावा. अर्जुन पुरस्कार मात्र २००० सालचा, मरणोत्तर, मिळाला.

आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्रातील खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी आलेले. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदकानंतर लगोलग त्याला विशेष कार्य अधिकारी म्हणून बढती देण्यात आली. हे योग्यच झाले. खाशाबांना तीन वर्षे लागली ते याला काही दिवसांत मिळाले, म्हणजे प्रशासन शिकले, असे म्हणता येईल. पण ते काय शिकले? पदकाची किंमत तत्काळ चुकती करावयास शिकले. पदकानंतरच्या सत्तावीस वर्षांचे काय करावयाचे, हे शिकले की नाही याविषयी मला शंका आहे. ती शंका माझ्या स्वतःच्या अनुभवातून आलेली आहे.

सभागृहात ‘सत्तावन किलो’ म्हणणारे ते गृहस्थ एके काळी विद्यापीठाचे भारोत्तोलक होते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आंतरविद्यापीठ स्पर्धांत ते उतरले होते. खेळाडूंसाठीच्या योजनेत आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय खेळाडूंबरोबरच विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्यांचाही विचार होतो. त्या वाटेने ते कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. १९९८ च्या सुमारास मी एका लहानशा शाखेचा प्रमुख झालो, तेव्हा ते आवक-जावक पाहत. सारे कार्यालय त्यांना ‘पहिलवान’ म्हणे. पहिलवान निराळा आणि भारोत्तोलक निराळा, असे त्यांनी प्रारंभी सांगून पाहिले असावे. पुढे तो नाद सोडला. कार्यालयाला त्यांच्या बळाचा एकच उपयोग सुचला होता. लोखंडी कपाट हलवावयाचे असले की पहिलवानांना बोलावणे जाई. कपाट हलवून झाले की ते हात झटकून पुन्हा नोंदवहीपाशी बसत.

मी अर्थशास्त्र शिकून नुकताच सेवेत आलो होतो आणि प्रत्येक गोष्टीची उत्पादकता मोजण्याची मला घाई होती. त्यांच्या टिपण्या मंद, मसुदे बेताचे, आणि साडेपाच वाजले की ते उठत. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात मी त्यांच्या नावापुढे ‘सामान्य’ असा शेरा लिहिला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रतिकूल शेराच तेवढा कर्मचाऱ्याला कळवावा लागे. ‘सामान्य’ हा प्रतिकूल गणला जात नसल्याने तो त्यांना कळला नाही. २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कळवली पाहिजे असे सांगितले, आणि २००९ पासून अहवाल संपूर्ण दाखवले जाऊ लागले. आज मला तो शेरा लिहिता आला नसता. निदान लिहिण्यापूर्वी त्यांच्या डोळ्यांपुढे आपला शब्द उभा राहील का, याचा विचार करावा लागला असता.

साडेपाचला ते कोठे जात, हे मी कधी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी, बदल्यांच्या फेऱ्यात पुन्हा एका इमारतीत आलो तेव्हा, ते हळूहळू कळले. यमुनापारच्या एका वसाहतीत घराच्या गच्चीवर त्यांनी दोन जुने बार आणि थोडी वजने मांडली होती. तेथे मुले येत. २००० नंतर मुलीही येऊ लागल्या. शनिवार-रविवार ते स्पर्धांत पंच म्हणून बसत. वसाहतीच्या रामलीलेत अनेक वर्षे हनुमान त्यांचा होता. गुडघे कुरकुरू लागल्यावर त्यांनी गदा एका शिष्याला दिली आणि स्वतः जांबवान झाले. निवृत्तीनंतर ते वसाहतीतील विधवा स्त्रियांचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून देतात. कोणती प्रत कोठे लागते, बँकेचे नाव सेवापुस्तकाशी का जुळत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक असते. ज्यांच्या मसुद्याला मी बेताचे म्हटले, त्यांच्या अर्जांत आता त्रुटी निघत नाही.

अर्थशास्त्रात आम्ही मोबदला आणि हस्तांतरण असा भेद करतो. काम केल्याबद्दल दिले जाते तो मोबदला. काम न मागता दिले जाते ते हस्तांतरण. खेळाडूला दिलेली नोकरी कागदोपत्री मोबदल्याची असते, पण आपण मनातून तिला हस्तांतरण समजतो. याने पूर्वी काही केले म्हणून याला ही खुर्ची दिली, आता हिशेब मिटला. हिशेब मिटला असे एकदा मानले की त्या माणसाला आज काय येते, हे कोणी विचारत नाही. वर्षानुवर्षे पहाटे उठणे, हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वजनापाशी जाणे, दुसऱ्याच्या शरीरातील चूक पाहताक्षणी ओळखणे, ही शिकवण कोणत्याही प्रबोधिनीत मिळत नाही. ती घेऊन आलेल्या माणसाला आम्ही कपाटापाशी उभे केले.

निराळे होऊ शकते, याचे उदाहरण दिल्लीतच घडले. कर्णम मल्लेश्वरी यांनी १९ सप्टेंबर २००० रोजी सिडनीत एकोणसत्तर किलो गटात ११० आणि १३०, असे एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. आंध्रातील श्रीकाकुलमकडची ही मुलगी लग्नानंतर हरियाणात स्थायिक झाली, भारतीय खाद्य महामंडळात अधिकारी झाली, यमुनानगरला मुलामुलींना भारोत्तोलन शिकवू लागली. २०२१ मध्ये दिल्ली सरकारने तिला नव्या दिल्ली क्रीडा विद्यापीठाची पहिली कुलगुरू नेमले. तेथे पदकाबरोबर नंतरच्या वीस वर्षांचाही विचार झाला. अशी नेमणूक अपवाद ठरू नये, एवढीच अपेक्षा.

असो. त्या शनिवारी रवीची लढत संपल्यावर आम्ही दोघे चहा घेत बाहेर उभे होतो. इतर मंडळी पांगली होती. दोन दशके मनात राहिलेली गोष्ट मी त्यांना सांगितली. त्या वर्षीच्या अहवालात ‘सामान्य’ लिहिले होते, आणि ते न विचारता लिहिले होते. माफी हा शब्द मी वापरला की नाही, आता आठवत नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मल्लेश्वरीची गोष्ट काढली. सिडनीत तिचा शेवटचा प्रयत्न १३७.५ किलोचा होता. तो जमला असता तर सुवर्णपदक होते. पहिल्या दोघींची बेरीज २४२.५ होती, म्हणजे ती अडीच किलोनेच मागे होती. शेवटचा प्रयत्न फसला. “लेकिन साहब, पदक तो रहा न?” ते म्हणाले. भारोत्तोलनात प्रत्येक प्रकाराला तीन प्रयत्न मिळतात. त्यांतील सर्वोत्तम धरला जातो. फसलेला प्रयत्न वजा केला जात नाही. “आपके यहाँ उल्टा है,” एवढे बोलून ते हसले.

मला उत्तर सुचले नाही. आमच्याकडे खरोखरच उलटे आहे. दहा वर्षांतील एक फसलेला मसुदा दहाही वर्षे फायलीत चिकटून राहतो, आणि सर्वोत्तम प्रयत्न कार्यालयाबाहेर गच्चीवर झाला असेल तर त्याला रकानाच नसतो. मूल्यमापनाच्या नमुन्यात आता एक भाग कर्मचाऱ्याने स्वतः लिहावयाचा असतो. त्या दिवसानंतर मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला तो भाग लिहिण्यापूर्वी बोलावून विचारतो, तुम्ही आणखी काय करता? काही जण संशयाने पाहतात. काही सांगतात. एकीने सांगितले की ती बधिर मुलांना शिकवते. तिला मी जनतेच्या तक्रारींच्या कामावर घेतले. दुसऱ्या एकाने काहीच करत नाही असे सांगितले, आणि तेही ठीकच आहे.

आम्ही निघालो तेव्हा फाटकावरील तरुण सुरक्षारक्षक आपल्या सोबत्याला विचारत होता की हे यादवजी कोणत्या पक्षाचे. मी पुढे होऊन बोलणार तोच माझे निवृत्त सहकारी थांबले. फलकाकडे बोट करून म्हणाले, “यादव नहीं बेटा, जाधव. कराड के थे. पुलिस में थे.” आणि त्याला सत्तावन किलोची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले.